लिनक्सवर पीडीएफच्या आतलं शीर्षक आणि लेखक बदलायचेत, मराठीत, आणि एकदम ढीगभर फायलींचे

कोरीपाटी
नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात जुने दिवाळी अंक, संस्थांच्या स्मरणिका, शाळांची वार्षिकं असं बरंच साहित्य आता पीडीएफमध्ये जमलंय. काही आम्हीच स्कॅन केलेलं, काही छापखान्यांनी त्यांच्याकडच्या जुन्या फायली दिल्या, आणि काही जुनी पुस्तकं इंटरनेट अर्काइव्ह या संकेतस्थळावरून उतरवलेली. वाचनालयातल्या दोन्ही कॉम्प्युटरवर उबंटू आहे.

अडचण अशी की फायलींना नावं आम्ही नीट दिलीत, पण उघडलं की खिडकीच्या वरच्या पट्टीवर भलतंच येतं. एका सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं शीर्षक दिसतं "अनटायटल्ड वन डॉट सीडीआर", दुसरीचं "फायनल करेक्शन न्यू डॉट पीएमडी", आणि लेखक म्हणून निम्म्या फायलींवर "ॲडमिन". टॅबवरचं वाचायचं ॲप तर फाइलचं नाव बघतच नाही, आतलं शीर्षकच दाखवतं, त्यामुळे वाचकाला यादीत सगळीकडे अनटायटल्ड अनटायटल्ड दिसतं आणि कुठला अंक कुठला ते कळायला एकेक उघडून बघावा लागतो. डॉक्युमेंट व्ह्यूअरमध्ये प्रॉपर्टीजमध्ये हे सगळं दिसतं पण तिथे बदलता येत नाही, ओक्युलरमध्ये पण तेच. विंडोजसाठीची विकतची सॉफ्टवेअरं माहितीयेत पण ती नकोत. काय करता येईल? मला टर्मिनलची भीती नाही, फक्त कुणीतरी नीट सांगायला हवं.

खडीसाखर
पीडीएफ अरेंजर टाका, उबंटूच्या सॉफ्टवेअर सेंटरमध्येच आहे. पानं मागेपुढे करायचं साधन आहे ते खरं, पण मेनूत एडिट प्रॉपर्टीज आहे, तिथे शीर्षक लेखक सगळं बदलता येतं आणि मराठी व्यवस्थित घेतं. मी मुलीच्या प्रोजेक्टला वापरलंय. दुसरं म्हणजे फ्लॅटहब या लिनक्स ॲपच्या साठ्यावर पेपर क्लिप म्हणून छोटं ॲप आहे, ते फक्त याच कामासाठी बनवलंय, दिसायलाही छान आहे. दोनचार फायली असतील तर एवढं पुरे.

कोरीपाटी
खडीसाखर ताई, धन्यवाद! पेपर क्लिप टाकून बघितलं, एक फाइल लगेच झाली. पण ढीग मोठा आहे हो, एकेक उघडून करायची तर दिवाळी येईल. आणि एक विचित्र गोष्ट झाली. त्याआधी एका फाइलचं शीर्षक मी पीडीएफटीके या टर्मिनलवरच्या साधनानं बदललं होतं, टर्मिनलात नवीन दिसतं पण टॅबवर अजून जुनंच. टॅब रीस्टार्ट करून बघितला, फाइल काढून परत टाकली, तरी तेच.

टर्मिनलवाला
याचं कारण सांगतो, आणि हे कळलं की पुढचं सगळं सोपं आहे. पीडीएफमध्ये ही माहिती दोन ठिकाणी असते. एक जुनी जागा, इन्फो डिक्शनरी म्हणतात तिला, पीडीएफ १९९३ साली आलं त्या काळातली पद्धत. टायटल, ऑथर, सब्जेक्ट, कीवर्ड्स, क्रिएटर, प्रोड्यूसर आणि दोन तारखा हेच मुख्यतः त्यात असतं. मग २००१ मध्ये ॲडोबीनं एक्सएमपी काढलं, ते म्हणजे फाइलच्या पोटात ठेवलेला एक्सएमएलचा तुकडा, आणि त्यातही शीर्षक लेखक परत वेगळे लिहिलेले असतात. दोन्ही जागा एकमेकींना ओळखत नाहीत. पीडीएफटीकेचं अपडेट इन्फो फक्त जुन्या जागेत लिहितं, एक्सएमपीला हात लावत नाही. तुमचं टॅबवरचं ॲप एक्सएमपी वाचत असणार. कुठलं ॲप कुठून वाचेल याचा काही नेम नाही, म्हणून नियम एकच, दोन्हीकडे सारखं लिहायचं.

बघायचं कसं तर पॉपलर-युटिल्स नावाचं पॅकेज असतं त्यातलं पीडीएफइन्फो चालवा, साधं चालवलं की जुनी जागा दिसते आणि डॅश मेटा लावलं की एक्सएमपीचा कच्चा मजकूर दिसतो. तुमच्या त्या फाइलवर दोन्ही चालवून इथे टाका, मला खात्री आहे दोन वेगळी शीर्षकं निघतील.

२०१७ मध्ये पीडीएफ २.० चं आयएसओ मानक आलं त्यात तर जुनी जागा जवळजवळ मोडीतच काढलीये, फक्त दोन तारखा तेवढ्या ठेवल्या. पण जगातल्या बहुतेक फायली अजून जुन्याच पद्धतीच्या आहेत त्यामुळे दोन्ही सांभाळणं भाग आहे.

कोरीपाटी
अगदी बरोबर! वर मराठी शीर्षक आणि डॅश मेटामध्ये अजून "फायनल करेक्शन न्यू". किती दिवस डोकं खाल्लं यानं.

आणखी एक. पीडीएफटीकेनं डम्प डेटा काढला तर मराठी शीर्षकाच्या जागी अँपरसँड, हॅश, २३५०, अर्धविराम असली आकड्यांची माळ येते. हे बिघडलंय का?

टर्मिनलवाला
बिघडलेलं नाही, ते अक्षरांचे युनिकोड क्रमांक आहेत, २३५० म्हणजे म. डम्प डेटा आणि अपडेट इन्फो हे दोन्ही इंग्रजी सोडून बाकी अक्षरं अशीच लिहितात आणि अशीच मागतात. मराठी सरळ वाचायची लिहायची तर दोन्हीच्या शेवटी अंडरस्कोर यूटीएफएट असलेले प्रकार वापरायचे. आणि पीडीएफच्या आत ते तिसऱ्याच रूपात असतं, प्रत्येक अक्षर दोन बाइटचं, सुरुवातीला एफई एफएफ अशी खूण, म चे दोन बाइट ०९ आणि २ई. म्हणून ग्रेप या शोधायच्या साध्या कमांडनं फाइलमध्ये मराठी शीर्षक शोधलं तर सापडत नाही, तिथे असूनही.

पण तुमच्या कामाला पीडीएफटीके नकोच. एक्झिफटूल घ्या. फिल हार्वे नावाचे गृहस्थ २००३ पासून ते सांभाळतायत, मूळ फोटोंसाठी केलेलं, पण पीडीएफमध्येही लिहितं. उबंटूत पॅकेजचं नाव लिबइमेज-एक्झिफटूल-पर्ल. मी फोनवरून लिहितोय म्हणून कमांड देवनागरीत सांगतो, टर्मिनलात अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची: एक्झिफटूल, मग डॅश पीडीएफ कोलन टायटल बरोबर, अवतरणात मराठी शीर्षक, मग डॅश एक्सएमपी डॅश डीसी कोलन टायटल बरोबर, परत तेच शीर्षक, आणि शेवटी फाइलचं नाव. असं गट सांगून लिहिलं की दोन्ही जागा भरतात.

लेखकाला मात्र जपून, इथे भलेभले फसतात. जुन्या जागेत लेखक म्हणजे ऑथर, आणि क्रिएटर म्हणजे ज्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर केला ते, पेजमेकर, कोरल वगैरे. एक्सएमपीच्या डीसी गटात मात्र क्रिएटर म्हणजेच लेखक. म्हणजे लेखक लिहायचा तर पीडीएफ कोलन ऑथर आणि एक्सएमपी डॅश डीसी कोलन क्रिएटर ही जोडी. तसंच जुन्या सब्जेक्टची जोडी डीसीच्या डिस्क्रिप्शनशी लागते, डीसीच्या सब्जेक्टशी नाही. हे डीसी म्हणजे डब्लिन कोअर, ग्रंथालयवाल्यांनीच १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोतल्या डब्लिन गावी बसून सुरू केलेलं, मूळ पंधरा घटकांचं. वाचनालयाच्या माणसाला ते आवडेल.

गावकूस
हेच शोधत होतो कधीपासून. वाचनखूण साठवली.

कोरीपाटी
टर्मिनलवाला दादा, केलं आणि चाललं! टॅबवर पहिल्यांदाच "रौप्यमहोत्सवी स्मरणिका" असं मराठीत आलं, ग्रंथपाल मॅडमना दाखवलं तर त्या उठून आल्या बघायला.

आता ढिगाचं सांगा. नावांची यादी माझ्याकडे लिब्रेऑफिस कॅल्कच्या तक्त्यात तयार आहे, वाचनालयाच्या दाखल नोंदवहीवरून केलेली. आणि तारखेचंही विचारायचंय. स्मरणिका १९८७ ची असेल तर तयार केल्याची तारीख १९८७ टाकू का? म्हणजे ॲपमध्ये सालाप्रमाणे लागतील.

टर्मिनलवाला
यादी असेल तर अर्धं काम झालंच. कॅल्कमध्ये पहिला कॉलम सोर्सफाइल नावाचा करा, त्यात फाइलचा पत्ता, तुम्ही ज्या फोल्डरमधून कमांड चालवणार तिथून जसा दिसतो अगदी तसाच. पुढच्या कॉलमांची नावं म्हणजे थेट टॅगची नावं, गटासकट, वर सांगितली तशी. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर, म्हणून जतन करा, कॅरेक्टर सेट यूटीएफ-एट निवडून. मग एक्झिफटूल डॅश सीएसव्ही बरोबर यादीचं नाव, आणि पुढे फोल्डर. रिकामे चौकोन तो सोडून देतो. आधी चारपाच फायलींच्या प्रतीवर करून बघा. मूळ फाइल तो शेवटी अंडरस्कोर ओरिजिनल लावून बाजूला ठेवतो, खात्री होईपर्यंत त्या पुसू नका. आणि डॅश कॅपिटल पी लावलं तर डिस्कवरची फाइल बदलल्याची तारीख जशीच्या तशी राहते.

१९८७ मात्र तयार केल्याच्या तारखेत टाकू नका. ती पीडीएफ कधी बनली त्याची तारीख आहे, आणि १९८७ मध्ये पीडीएफ जन्मालाच आलेलं नव्हतं. उद्या कुणी त्या तारखेवर विसंबून स्कॅन कधीचं आहे हे ठरवायला गेलं तर पार गोंधळ. प्रकाशनाचं साल एक्सएमपीच्या डीसी डेटमध्ये टाका, तिथे महिना दिवस नसला तरी चालतं, नुसतं साल पुरतं. शिवाय शीर्षकातच साल लिहा, ते सगळीकडे दिसतं.

अक्षरजुळारी
धागा वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितो. मी नव्वदीच्या शेवटापासून डीटीपी करत आलोय, पेजमेकर ६.५, मग ७, कोरल, सगळं. तुमच्या त्या "फायनल करेक्शन न्यू डॉट पीएमडी" चा उगम आमच्याच टेबलावरचा. पेजमेकरमधून प्रिंट फाइल काढायची आणि ती ॲक्रोबॅट डिस्टिलरला द्यायची, तर डिस्टिलर त्या प्रिंट फाइलच्या डोक्यावर जे नाव असेल तेच शीर्षक म्हणून उचलायचा, आणि विंडोजवर ज्या नावानं लॉगिन असेल ते लेखक म्हणून. कुणी मुद्दाम टाकत नव्हतं. आणि मराठीत टाकायचं म्हटलं तरी टाकता येत नव्हतं, कारण आमचे फॉन्ट युनिकोड नव्हते, इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर मराठी आकृत्या बसवलेल्या. म्हणून त्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल येतो, तुम्ही बघितलाच असेल.

माझं म्हणणं वेगळं आहे. सगळ्या फायलींवर ॲडमिन नसणार. काहींवर खरं नाव असेल, एखाद्या मुलीचं, एखाद्या पोराचं, जे त्या छापखान्यात बसून रात्रभर जुळणी करत होतं. स्मरणिकेत संपादक मंडळाची नावं छापतात, जाहिरातदारांची छापतात, मुद्रकाचं छापतात, पण अक्षरजुळणी करणाऱ्याचं नाव कितीदा छापलं गेलं? त्या माणसानं ते काम केलं याची एवढीच नोंद उरलीये, फाइलच्या पोटात. तुम्ही लेखकाच्या जागी संपादकांचं नाव टाकाल, ते बरोबरच आहे, तो लेखक नाहीच. पण जुनं नाव पुसू नका हो, दुसऱ्या जागी हलवा.

रानजाई
अक्षरजुळारी, तुमची भावना पोचली पण मला दुसरी बाजू मांडू द्या. ज्याचं नाव आहे त्याला ते जगासमोर हवंय की नाही हे आपल्याला ठाऊक नाही. मी एका सामाजिक संस्थेसाठी काम करते, आमच्याकडे फाइल बाहेर जाण्याआधी सगळं साफ करायचा नियम आहे, कारण नकळत काय काय जातं. कुणी लिहिलं, कुठल्या सॉफ्टवेअरवर, किती वाजता. २००३ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश सरकारनं इराकवरचा अहवाल डाऊनिंग स्ट्रीटच्या संकेतस्थळावर वर्ड फाइल म्हणून ठेवला होता, त्या फाइलच्या पोटात ती कुणीकुणी जतन केली त्या कर्मचाऱ्यांची नावं तशीच राहिली होती आणि बाहेरच्या लोकांनी ती वाचून जाहीर केली. अशी उदाहरणं असताना मी तरी म्हणेन, आधी सगळं कोरं करा मग हवं ते भरा. मॅट-टू म्हणून साधन आहे, टेल्स नावाच्या लिनक्समध्ये आधीपासूनच असतं, उबंटूतही टाकता येतं. साफ केलेली वेगळी प्रत बनवतं.

टर्मिनलवाला
रानजाई ताई, तुमच्या संस्थेच्या कामाला मॅट-टू योग्यच, पण कोरीपाटींनी ते या ढिगावर चालवू नये. पीडीएफवर साधं चालवलं तर ते प्रत्येक पान चित्र म्हणून पुन्हा रंगवतं, आतमध्ये लपलेलं काही राहू नये म्हणून. त्यात मजकूर निवडणं शोधणं सगळं जातं. डॅश कॅपिटल एल लावलं की हलकी सफाई होते, मजकूर राहतो, पण मग काही गोष्टी राहून जाऊ शकतात. वाचनालयाला शोध हवा असतो, त्यामुळे इथे नाही.

आणि सफाईबद्दल एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. एक्झिफटूल पीडीएफमधलं काहीही खरंच पुसत नाही. तो फाइलच्या शेवटी नवी नोंद जोडतो, जुनी तशीच खाली पडून असते. म्हणूनच त्याचं केलेलं सगळं एका कमांडनं मागे फिरवता येतं, पीडीएफ डॅश अपडेट कोलन ऑल बरोबर, पुढे रिकामं. वाचनालयासाठी हे चांगलं, चित्रांच्या दर्जाला धक्का नाही, चुकलं तर परत फिरता येतं. पण गुप्त ठेवायचं काही असेल आणि तुम्ही एक्झिफटूलनं "पुसून" मेल केलं तर समोरचा ते परत काढू शकतो. कायमचं करायचं तर नंतर क्यूपीडीएफ हे टर्मिनलवरचं दुसरं साधन घेऊन क्यूपीडीएफ डॅश डॅश लिनिअराइझ करून फाइल नव्यानं लिहून घ्यायची, त्यात न लागणाऱ्या जुन्या नोंदी गळून पडतात. घोस्टस्क्रिप्टनंही फाइल नव्यानं लिहिता येते पण त्यात चित्रं परत दाबली जाऊ शकतात, स्कॅनची वाट लागू शकते, नको.

अक्षरजुळारी
रानजाई ताई, तुमचा मुद्दा मान्य, जिवंत माणसाचं नाव त्याला न विचारता मिरवायचं नाही. पण मग विचारा ना! तालुक्याच्या गावात छापखाने असे किती असतात, ते नाव वाचलं की कुणीतरी सांगेल ही अमक्याची थोरली, आता पुण्याला असते. फोन करा. तिला बरंच वाटेल.

रानजाई
हे पटलं. विचारून ठेवायचं असेल तर माझी काहीच हरकत नाही. मी फक्त एवढं म्हणेन की शाळांच्या वार्षिकांमध्ये मुलांची नावं, वर्ग, कधीकधी पत्ते कीवर्ड म्हणून कुणीतरी भरून ठेवलेले असतात, ते मात्र काढाच, आणि क्यूपीडीएफनं फाइल नव्यानं लिहूनच बाहेर द्या.

दूरदेशी
जर्मनीहून लिहितोय, इथे विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी करतो. अक्षरजुळारी म्हणतात त्या नावासाठी डब्लिन कोअरमध्ये तयार जागा आहे, कॉन्ट्रिब्युटर. म्हणजे एक्सएमपी डॅश डीसी कोलन कॉन्ट्रिब्युटर, त्यात "अक्षरजुळणी" असं लिहून पुढे नाव. पब्लिशर, सोर्स, राइट्स याही जागा आहेत. स्कॅन कुठल्या प्रतीवरून केलं ते सोर्समध्ये टाका, दाखल क्रमांकासकट, म्हणजे पान फाटकं निघालं तर मूळ प्रत कपाटात कुठे आहे ते कळतं. प्रोड्यूसर आणि क्रिएटर या जुन्या नोंदी मात्र अजिबात बदलू नका. "ॲक्रोबॅट डिस्टिलर" आणि "पेजमेकर" लिहिलेलं असलं की पुढच्या माणसाला लगेच समजतं की आतला मजकूर जुन्या फॉन्टमधला आहे, रूपांतर करावं लागणार. तो पुरावा पुसला तर पुन्हा सापडणार नाही.

शीर्षकाबद्दल एक सोय सांगतो जी फार कमी लोकांना माहिती आहे. जुन्या जागेत शीर्षक एकच असतं, पण एक्सएमपीत एकाच शीर्षकाची अनेक भाषांतली रूपं ठेवता येतात. एक्झिफटूलला टायटल डॅश एमआर आणि टायटल डॅश ईएन असं दिलं की मराठी वेगळं आणि रोमन लिपीतलं वेगळं. परदेशातली मराठी मुलं शोधताना रोमनमध्येच टाइप करतात, त्यांचा विचार करा.

आणि मराठीचं एक खास दुखणं. "दुसऱ्या", "गोऱ्हे" यातला तो आडवा र दोन प्रकारे टाइप होतो, एक नुक्त्याचा ऱ घेऊन, दुसरा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक घेऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, कॉम्प्युटरला वेगळे. यादीत अर्धे एका प्रकारे आणि अर्धे दुसऱ्या प्रकारे असतील तर शोधल्यावर अर्धेच सापडतील. सीएसव्ही करण्याआधी शोधा-बदला करून एकच प्रकार करून टाका. आकड्यांचंही तेच, १९८७ एकदा देवनागरीत लिहायचं ठरलं की सगळीकडे देवनागरीत.

खडीसाखर
वा, काय सुंदर माहिती निघाली या धाग्यात. माझा साधा प्रश्न, मी ई-पुस्तकं सांभाळायचं कॅलिबर वापरते, त्यात शीर्षक बदललं की यादीत बदलतं. मग एवढं सगळं कशाला?

टर्मिनलवाला
कॅलिबर उत्तमच आहे, कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सोनीच्या एका वाचनयंत्रासाठी सुरू केलेलं. पण तुम्ही यादीत बदलता ते कॅलिबरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये जातं, पीडीएफला त्याची खबर नसते. तीच फाइल फोल्डरमधून उचलून मैत्रिणीला दिलीत तर तिला जुनंच दिसेल. फाइलच्या आत उतरवायचं तर मेटाडेटा बदलायच्या मेनूतच एम्बेड मेटाडेटा असा पर्याय आहे तो चालवायचा, किंवा सेव्ह टू डिस्कनं बाहेर काढायचं. टर्मिनलवाल्यांसाठी त्याचंच ईबुक-मेटा आहे.

गावकूस
एक शंका. मी शेतीचा डिजिटल सातबारा डाउनलोड केला की फाइलचं शीर्षक काहीही असतं. तोही असाच बदलून ठेवला तर चालेल का, गट नंबर टाकून? फोल्डरमध्ये सगळे एकसारखे दिसतात.

टर्मिनलवाला
नका हात लावू! त्यावर डिजिटल सही असते. सही फाइलच्या बाइटवर केलेली असते, शेवटी काही जोडलं तरी तपासणारा म्हणेल सहीनंतर बदल झालाय, आणि क्यूपीडीएफनं नव्यानं लिहिली तर सही बादच. बँकेत किंवा तलाठी कार्यालयात नसती कटकट. ई-आधारचंही तेच. अशा फाइलचं बाहेरचं नाव बदला, गट नंबर त्यात टाका, बाहेरचं नाव बदलल्यानं सहीला काही होत नाही.

कोरीपाटी
सगळ्यांचे मनापासून आभार, झालेलं काम सांगतो. दोन संध्याकाळी मी आणि ग्रंथपाल मॅडम यादी घेऊन बसलो, मॅडम नोंदवहीतून वाचत होत्या आणि मी कॅल्कमध्ये भरत होतो. आडव्या र चं आधी पटलं नव्हतं पण शोधून बघितलं तर खरंच दोन प्रकार निघाले, माझा कीबोर्ड वेगळा आणि मॅडमचा वेगळा. सगळे नुक्त्याच्या ऱ वर आणले. मग सीएसव्ही चालवली, बहुतेक फायली एका दमात झाल्या. काही जुन्या डिस्टिलरच्या फायलींवर एक्झिफटूल अडला, फाइल खराब आहे म्हणाला, त्या आधी क्यूपीडीएफमधून काढून घेतल्या, त्यानं आतली मोडकी अनुक्रमणिका दुरुस्त करून दिली आणि मग शीर्षक बसलं. प्रोड्यूसर, क्रिएटर कुठेच हलवलं नाही.

आणि अक्षरजुळारी काका, तुमच्यासाठी खास. लेखकाच्या जागी ॲडमिन नसलेल्या स्मरणिका वेगळ्या काढल्या, तर तीनचार वेगवेगळी नावं निघाली, त्यातलं एक नाव बऱ्याच फायलींवर. मॅडमनी वाचल्या वाचल्या ओळखलं, बाजारपेठेतल्या बंद पडलेल्या छापखान्यात काम करणाऱ्या बाई. त्यांना फोन केला, त्यांना आधी कळेनाच आम्ही कशाबद्दल बोलतोय, मग म्हणाल्या टाका की, मीच केलेत ते अंक. कॉन्ट्रिब्युटरमध्ये टाकलंय. बाकीच्यांचा पत्ता लागेपर्यंत ती नावं फाइलमध्ये न ठेवता वाचनालयाच्या वहीत उतरवून ठेवलीत, आणि बाहेर द्यायच्या प्रती नव्यानं लिहून घेतल्यात.

अक्षरजुळारी
फार मोठं काम केलंत. मॅडमना माझा नमस्कार सांगा.

दूरदेशी
कोरीपाटी, पुढच्या स्कॅनसाठी सुरुवातीलाच नीट करून घ्या. ओसीआरमायपीडीएफ वापरा, चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्टचं मराठीचं पॅकेज टाकून भाषा एमएआर द्या, पानांमागे शोधता येणारा मजकूर तयार होतो, आणि त्याच कमांडमध्ये टायटल, ऑथर, कीवर्ड्स देता येतात. तो आपोआप पीडीएफ-ए बनवतो, जतनासाठीचा प्रकार. त्यात जुनी जागा आणि एक्सएमपी जुळलेली असलेली बरी, म्हणून नंतर बदल केलात तर दोन्हीकडेच करा.

आणि नवीन मजकूर लिब्रेऑफिसमध्ये होत असेल तर फाइल मेनूत प्रॉपर्टीज, तिथे डिस्क्रिप्शनमध्ये शीर्षक भरून मगच पीडीएफ काढा, ते आपोआप आत जातं. पीडीएफ काढतानाच्या खिडकीत यूझर इंटरफेसच्या पानावर डिस्प्ले डॉक्युमेंट टायटल अशी खूण आहे ती लावा, मग वरच्या पट्टीवर फाइलच्या नावाऐवजी शीर्षक दिसतं.

रानजाई
त्याच प्रॉपर्टीजमध्ये एकूण किती वेळ फाइल उघडी होती, कितव्यांदा जतन झाली हेही साठतं बरं का. ओडीटी म्हणजे झिपच असते, उघडून आतली मेटा डॉट एक्सएमएल बघा, सगळं सरळ वाचता येतं. नको असेल तर तिथेच रीसेट प्रॉपर्टीजचं बटण आहे, आणि ऑप्शन्समध्ये सिक्युरिटीखाली जतन करताना वैयक्तिक माहिती काढायची खूण पण आहे.

कोरीपाटी
हो, हे दोन्ही आता ठरवूनच टाकलंय, प्रॉपर्टीज भरल्याशिवाय पीडीएफ काढायचं नाही. शेवटचा एकच प्रश्न, अर्काइव्हवरच्या काही जुन्या पुस्तकांच्या फायली डीजेव्हीयू या स्कॅनच्या दुसऱ्या प्रकारात आहेत, नावं म्हणजे डीएलआय डॉट २०१५ आणि पुढे नुसते आकडे. आणि काही ईपब, म्हणजे ई-पुस्तकांच्या प्रकारातल्या. त्यांना एक्झिफटूल चालेल का?

टर्मिनलवाला
त्या दोन्ही तो फक्त वाचतो, लिहीत नाही. ईपबला कॅलिबरचं ईबुक-मेटा. डीजेव्हीयूला डीजेव्हीयूलिबर-बिन पॅकेजमधलं डीजेव्हीयूसेड, त्यात सेट-मेटा म्हणून आज्ञा आहे, एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये टायटल, ऑथर लिहून ती द्यायची आणि शेवटी सेव्ह. पहिल्या फाइलला अडलात तर इथेच लिहा.